वनस्पतिजन्य हरित संश्लेषण आणि रंजकद्रव्यांचे विघटन : संशोधनाच्या एका परिपाठाची चिकित्सा

सारांश

वनस्पतींच्या अर्काच्या साहाय्याने धातूंचे व धातू-ऑक्साइडांचे नॅनोकण तयार करणे आणि त्यांच्याद्वारे सांडपाण्यातील रंजकद्रव्यांचे विघटन घडवून आणणे हा गेल्या दोन दशकांत महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील अत्यंत लोकप्रिय संशोधनविषय ठरला आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनपरंपरेचा उगम, तिची प्रचलित मांडणी आणि तिच्यातून काढले जाणारे निष्कर्ष यांची चिकित्सा केली आहे. 'हरित' हे विशेषण, 'विघटन' ही संज्ञा आणि 'उपयोजन' हा दावा या तीन बाबी पुराव्याच्या कसोटीवर कितपत उतरतात, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे. लेखाच्या अखेरीस मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेतही करता येतील अशा काही तपासण्या सुचविल्या आहेत.

बीजसंज्ञा : हरित संश्लेषण, नॅनोकण, रंजकद्रव्य, क्षपण, प्रकाश-उत्प्रेरण, अधिशोषण, सांडपाणी.

प्रस्तावना

पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. कचरा निर्माण झाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्यापेक्षा तो निर्माणच होऊ न देणे, हे त्यांतील पहिले तत्त्व होय. नूतनीकरणक्षम कच्चा माल, ऊर्जेची बचत, निर्धोक विद्रावक व उत्प्रेरकांचा वापर ही तत्त्वे त्यापुढे येतात. या विचाराला नॅनोविज्ञानाची जोड मिळाली तेव्हा वनस्पतींकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. २००२ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात गार्डिया-टोरेसडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत लसूणघासाच्या रोपांत सोन्याचे नॅनोकण तयार होतात असे दाखविले. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद, शिव शंकर आणि सहकारी यांनी जिरॅनियमच्या पानांपासून चांदीचे (२००३), कडुलिंबाच्या अर्कापासून सोन्या-चांदीचे (२००४) आणि गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी कण (२००४) तयार केले. या विषयाच्या जागतिक इतिहासात महाराष्ट्रातील एका प्रयोगशाळेचा वाटा प्रारंभापासूनचा आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु अभिमानाबरोबर एक तुलनाही करावी लागते. गवती चहाच्या त्या अभ्यासात केवळ 'कण तयार झाले' एवढेच सांगितलेले नव्हते. चपटे त्रिकोण का तयार होतात, अर्कातील अल्डिहाइड व कीटोन गटांची त्यात भूमिका कोणती, गोल कण एकत्र येऊन त्यांचा त्रिकोण कसा बनतो, असे प्रश्न तेथे विचारले होते. वनस्पती हे तेथे प्रश्नाचे साधन होते. त्यानंतरच्या काळात साधन शिल्लक राहिले आणि प्रश्न हळूहळू गळून पडला, असे या क्षेत्रातील विपुल लेखनाकडे पाहता खेदाने म्हणावे लागते.

प्रचलित परिपाठाचे स्वरूप

या प्रकारच्या शोधनिबंधाची रचना आता जवळजवळ ठरून गेली आहे. परिसरातील एखाद्या वनस्पतीची पाने आणावयाची, धुऊन वाळवावयाची, साधारणतः १० ग्रॅम पाने १०० मिलिलिटर पाण्यात उकळून अर्क गाळून घ्यावयाचा. त्याचे १० मिलिलिटर घेऊन १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या ९० मिलिलिटर द्रावणात मिसळावयाचे. द्रावण तपकिरी झाले आणि वर्णपटात ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसले की चांदीचे कण तयार झाले असे मानावयाचे. मग क्ष-किरण विवर्तन, अवरक्त वर्णपट, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे आणि शेवटी मेथिलिन ब्लूचे 'विघटन'. पुढच्या निबंधात वनस्पती बदलते, क्वचित धातू बदलतो; निष्कर्ष मात्र बदलत नाही. अर्क कोणताही असो, तो 'प्रभावी, स्वस्त व पर्यावरणस्नेही' ठरतोच.

वस्तुतः यात आश्चर्य काही नाही. चांदीच्या आयनाचे क्षपण करणे हे रासायनिकदृष्ट्या सोपे काम आहे. शर्करा, पॉलिफिनॉल, ॲस्कॉर्बिक आम्ल यांपैकी काही ना काही जवळजवळ प्रत्येक पानात असतेच. त्यामुळे 'अमुक वनस्पतीच्या अर्काने चांदीचे क्षपण होते' हे विधान खरे असले तरी त्यातून नवीन ज्ञान फारसे मिळत नाही. कोणत्या वनस्पतीने ते होत नाही, आणि का, हा प्रश्न अधिक बोधप्रद ठरला असता. पण तो विचारलेला विरळाच आढळतो.

कणांच्या परीक्षणांचा अर्थ लावतानाही हीच घाई दिसते. अवरक्त वर्णपटात ३४०० व १६३० प्रति सेंटिमीटर या ठिकाणी पट्टे दिसले की ते फ्लेव्होनॉइड, अल्कलॉइड, टर्पिनॉइड आणि प्रथिने या सर्वांच्या आवरणाचा पुरावा म्हणून नोंदविले जातात. नमुन्याला चिकटलेले साधे पाणीही नेमके याच दोन ठिकाणी पट्टे देते, याचा उल्लेख नसतो. शेरर समीकरणाने मिळते ती स्फटिकिकेची मिती. एका कणात अनेक स्फटिकिका असू शकतात, तरीही हा आकडा कणाचा आकार म्हणून सांगितला जातो. या त्रुटी किरकोळ वाटतील, परंतु 'वनस्पतीतील अमुक घटकामुळे हे घडले' हा सगळा दावा त्यांच्यावरच उभा असतो.

'हरित' या विशेषणाची तपासणी

हरित संश्लेषणाचे समर्थन करताना प्रस्तावनेत बहुधा एक वाक्य येते : रासायनिक पद्धतींमध्ये विषारी द्रव्ये वापरावी लागतात, वनस्पतिजन्य पद्धतीत ती लागत नाहीत. ही तुलना न्याय्य नाही. सोन्याचे कण सायट्रेटच्या साहाय्याने तयार करण्याची टर्केविच यांची पद्धत १९५१ पासून प्रचलित आहे. सायट्रिक आम्ल हे अन्नपदार्थांत वापरले जाते आणि उद्योगात ते ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या साहाय्याने, किण्वनाने तयार होते. तेव्हा ज्या 'रासायनिक' पद्धतीशी तुलना करावयाची ती सर्वांत वाईट न निवडता सर्वांत चांगली निवडली पाहिजे. तशी तुलना क्वचितच केली जाते.

आता वर दिलेल्या प्रमाणाचा हिशेब करून पाहू. ९० मिलिलिटर द्रावणातील सर्व चांदी कणांत रूपांतरित झाली असे गृहीत धरले तरी मिळणारी चांदी सुमारे ९.७ मिलिग्रॅम. त्यासाठी लागलेला अर्क १ ग्रॅम पानांचा. म्हणजे उत्पादनाच्या सुमारे १०० पट वजनाची पाने आणि १०,००० पट पाणी. याशिवाय पाने वाळविणे, उकळणे, सेंट्रिफ्यूज करणे, पाणी व इथेनॉलने वारंवार धुणे यांचा खर्च वेगळा. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये प्रति किलो उत्पादनामागे किती किलो टाकाऊ द्रव्य निर्माण होते हे मोजण्याचा निर्देशांक सुचविला. त्यांच्या मांडणीत औषधनिर्मितीसाठी हा आकडा २५ ते १०० किंवा त्याहून अधिक येतो आणि तो चिंताजनक मानला जातो. पाणी हिशेबात धरले नाही तरी आपली 'हरित' पद्धत त्याच पंक्तीत बसते. पानांचा चोथा कुजून जातो, रासायनिक गाळाइतका तो घातक नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु मुख्य कच्चा माल पान नव्हे, चांदीचे लवण आहे. आणि चांदीचे आयन जलचरांना विषारी असतात. पानाने लवणाचे क्षपण केले म्हणून लवण हरित होत नाही.

झिंक ऑक्साइडच्या बाबतीत प्रश्न अधिकच टोकदार होतो. झिंक नायट्रेट व पानांचा अर्क एकत्र आटवून मिश्रण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला भट्टीत तापविले जाते. इतक्या तापमानाला अर्कातील सेंद्रिय द्रव्ये बहुतांशी जळून जातात. तरीही पुढच्याच परिच्छेदात 'वनस्पतीतील घटकांनी कणांना आवरण दिले व स्थैर्य आणले' असे वाचावयास मिळते. शिवाय झिंक नायट्रेट नुसते तापविले तरी त्याचे झिंक ऑक्साइडच होते. अर्काशिवाय तयार केलेला नमुना शेजारी ठेवल्याखेरीज अर्काने काय साधले हे सांगता येत नाही. हा नियंत्रण-नमुना करण्यास एक मूस आणि एक दिवस पुरतो. तरी तो बहुसंख्य निबंधांत आढळत नाही.

'विघटन' म्हणजे नेमके काय?

या संशोधनाचा गाभा रंग नाहीसा होणे हा आहे. पण रंग नाहीसा होणे आणि रंजकद्रव्य नाहीसे होणे या दोन भिन्न घटना आहेत. मेथिलिन ब्लूचे उदाहरण घ्यावे. हाइनरिख कारो यांनी १८७६ मध्ये तयार केलेले हे रंजकद्रव्य ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते. त्याचे क्षपण झाले की रंगहीन 'ल्यूको' रूप तयार होते; त्यातील वलयांची रचना अबाधित राहते. हवेतील ऑक्सिजन मिळताच ते पुन्हा निळे होते. शालेय प्रात्यक्षिकांतील 'निळी बाटली' हा प्रयोग याच तत्त्वावर चालतो : अल्कधर्मी ग्लुकोजच्या द्रावणातील रंग ठेवल्यावर जातो, हलविल्यावर परत येतो. चांदीच्या कणांबरोबर सोडियम बोरोहायड्राइड घालून काही मिनिटांत मिळविलेल्या '९५ टक्के विघटना'त या क्षपणाचा भाग किती, हे बाटली हलवून पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही.

बोरोहायड्राइडचा हिशेबही बोलका आहे. प्रतिलिटर १० मिलिग्रॅम मेथिलिन ब्लू म्हणजे सुमारे ०.०३ मिलिमोल. मिश्रणात बोरोहायड्राइड १० मिलिमोलर असेल तर ते रंजकद्रव्याच्या ३०० पटींहून अधिक होते. एक घनमीटर पाण्यातील १० ग्रॅम रंजकद्रव्याचा रंग घालविण्यासाठी सुमारे ३७८ ग्रॅम बोरोहायड्राइड खर्ची पडते आणि त्यातील बोरॉन बोरेटच्या रूपाने त्याच पाण्यात राहतो. ज्या क्षपणकाला टाळले म्हणून संश्लेषण 'हरित' म्हटले, तोच क्षपणक उपयोजनाच्या टप्प्यावर अनेक पटींनी परत येतो. हा अंतर्विरोध एकाच निबंधाच्या दोन पानांवर नांदतो आणि परीक्षकांच्याही नजरेतून सुटतो.

ॲझो रंजकद्रव्यांच्या बाबतीत क्षपणाचा परिणाम अधिक गंभीर आहे. मिथिल ऑरेंजचा ॲझो बंध तुटला की सल्फॅनिलिक आम्ल व डायमिथिल-पॅरा-फेनिलिनडायअमाइन ही अमाइने मिळतात. काँगो रेड हे तर बेन्झिडिनपासून बनविलेले रंजकद्रव्य. त्याचे क्षपण झाल्यास बेन्झिडिन मोकळे होऊ शकते, आणि बेन्झिडिन हे मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून सिद्ध झालेले आहे. पाणी लाल होते तेव्हा निदान डोळ्यांना धोका दिसत होता. रंग गेल्यावर तो दिसेनासा झाला, एवढाच बदल झाला असेल तर त्याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही.

प्रकाश-उत्प्रेरणाच्या प्रयोगांत वेगळ्या अडचणी येतात. पहिली अधिशोषणाची. वनस्पतिजन्य कणांचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित असतो आणि मेथिलिन ब्लू धनभारित. ते कणांना चिकटून द्रावणातून निघून जाते व आलेखात त्याचे 'विघटन' झालेले दिसते. दुसरी अडचण रंजकद्रव्याच्या स्वतःच्या प्रकाशशोषणाची. झिंक ऑक्साइडच्या ऊर्जापट्टांतील अंतर सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे त्याला उत्तेजित करण्यास अतिनील प्रकाश लागतो. सूर्यप्रकाशात त्याचा वाटा जेमतेम ४-५ टक्के. दृश्य प्रकाशात जे घडते त्यात रंजकद्रव्य स्वतः प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देते, हा मार्ग संभवतो. बुन्शो ओहतानी व सहकाऱ्यांनी २००६ मध्येच दृश्य प्रकाशातील उत्प्रेरक तपासण्यास मेथिलिन ब्लू योग्य आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. तिसरी अडचण मापनाची. मेथिलिन ब्लूचे मिथिल गट एकेक गळत गेले की शिखर ६६४ पासून ६०० नॅनोमीटरच्या दिशेने सरकते. केवळ ६६४ वरील शोषण मोजणाऱ्याला ही घट विघटनासारखी दिसते, प्रत्यक्षात वलये तशीच असतात. प्रथम कोटीच्या समीकरणात आलेख सरळ रेषेत आला, यावरून यंत्रणा सिद्ध होत नाही; अधिशोषणाचा आलेखही तसा येऊ शकतो.

प्रयोगशाळेपासून नदीपर्यंत

बहुतेक निबंधांचा शेवट 'ही पद्धत वस्त्रोद्योगातील सांडपाण्यावर उपयुक्त ठरेल' या वाक्याने होतो. इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी ही आपल्या राज्यातील वस्त्रोद्योगाची केंद्रे. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या चर्चेत कापड-प्रक्रियेच्या सांडपाण्याचा विषय वर्षानुवर्षे येत आहे. तेव्हा हे वाक्य केवळ औपचारिक नाही; त्याने काठावरच्या लोकांना काही आश्वासन दिलेले असते. त्या सांडपाण्याचे स्वरूप मात्र ऊर्ध्वपातित पाण्यातील एका रंजकद्रव्यासारखे नसते. सुती कापडावरील रिॲक्टिव्ह रंगाईत प्रतिलिटर कित्येक दहा ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर लवण लागते. सोबत सोडा, खळ, साबण व अनेक रंजकद्रव्ये यांचे मिश्रण असते. एवढ्या क्लोराइडमध्ये चांदीचे कण एकमेकांना चिकटतात, मोकळ्या झालेल्या चांदीच्या आयनांचे सिल्व्हर क्लोराइड होते. क्लोराइड, कार्बोनेट व इतर सेंद्रिय द्रव्ये प्रकाश-उत्प्रेरणात तयार होणारे क्रियाशील मूलकही खाऊन टाकतात.

प्रमाणाचा प्रश्न त्याहून साधा आहे. १०० मिलिलिटर द्रावणासाठी ५० मिलिग्रॅम उत्प्रेरक हे नेहमीचे प्रमाण धरले, तर १० लाख लिटर सांडपाण्यासाठी ५०० किलो नॅनोकण लागतात. ते पाण्यातून परत मिळविले नाहीत तर एका प्रदूषकाच्या जागी दुसरा येतो. प्रयोगशाळेत हे कण सेंट्रिफ्यूजने वेगळे होतात. सामूहिक प्रक्रिया केंद्रात ते कसे करणार, याचे उत्तर निबंधात नसते. चुना, फेरस सल्फेट, जैविक प्रक्रिया, सक्रिय कोळसा, ओझोन, पटल-गाळण या प्रचलित पद्धतींच्या खर्चाशी व परिणामाशी तुलनाही नसते.

तमिळनाडूतील तिरुप्पूरचा अनुभव येथे लक्षात घ्यावा. नोय्यल नदीच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तेथील रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे शून्य द्रव-विसर्गाच्या अटीवर ते सुरू झाले. तेथे प्रश्न रंगापुरता मर्यादित नव्हता. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचाही होता, आणि त्यासाठी पटल-गाळण व बाष्पीभवन यांची महागडी यंत्रणा उभारावी लागली. भूपृष्ठावरील जलस्रोतांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी विरघळलेल्या क्षारांची मर्यादा प्रतिलिटर २१०० मिलिग्रॅम मानली जाते. कोणताही नॅनोकण मिठाचे विघटन करीत नाही. शेतातील विहिरीचे पाणी ज्या कारणाने निकामी होते, त्या कारणाला आपले संशोधन स्पर्शच करीत नसेल तर उपयोजनाचे वाक्य लिहिण्यापूर्वी थांबणे उचित ठरेल.

परिपाठ का टिकून आहे?

या स्थितीचा सर्व दोष संशोधकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला आणि शोधनिबंधाला गुण चिकटले. गुणवत्ता राखण्यासाठी २०१८ मध्ये नियतकालिकांच्या संदर्भयादीची व्यवस्था सुरू झाली, २०२५ मध्ये ती बंद झाली. निबंध मोजण्याची सवय मात्र टिकली. पूर्ण वेळ अध्यापन, अपुरा निधी, बाहेरून पैसे देऊन करून घ्यावी लागणारी परीक्षणे अशा परिस्थितीत पाने, सिल्व्हर नायट्रेट आणि एक वर्णपटमापक एवढ्यावर होणारा विषय शिक्षकाला व विद्यार्थ्याला जवळचा वाटतो. या विषयामुळे लहान गावांतील अनेक विद्यार्थ्यांना प्रथमच स्वतःच्या हाताने संशोधन करता आले, हे श्रेयही नाकारता येत नाही. म्हणूनच येथील शिथिलतेची किंमत अधिक आहे. संशोधनाचे पहिले संस्कार ज्या विषयात होतात, त्यात नियंत्रण-नमुना वगळणे चालते हे विद्यार्थी एकदा शिकला की पुढे कोणत्याही विषयात तो तेच करील.

काही सूचना

साधने नाहीत, ही सबब काही अंशीच खरी आहे. पुढील तपासण्यांना मोठे यंत्र लागत नाही :

१. अंधारातील, केवळ प्रकाशातील व अर्काविना तयार केलेल्या कणांसह असे तीन नियंत्रण-प्रयोग अनिवार्य मानावेत.
२. रंग गेल्यावर द्रावणातून हवा सोडून रंग परततो का ते पाहावे.
३. वापरलेले कण इथेनॉलने धुऊन त्यातून रंजकद्रव्य बाहेर येते का ते तपासावे.
४. एकाच तरंगलांबीऐवजी संपूर्ण वर्णपट, अतिनील भागासह, द्यावा.
५. रासायनिक ऑक्सिजन मागणी अनुमापनाने मोजावी. शक्य तेथे एकूण सेंद्रिय कर्ब मोजून घ्यावा.
६. मेथिलिन ब्लूबरोबर फिनॉलसारखे एखादे रंगहीन प्रदूषकही वापरावे.
७. मीठ व सोडा घातलेल्या पाण्यात, आणि मिळाल्यास प्रत्यक्ष सांडपाण्यात, प्रयोग पुन्हा करावा.
८. वनस्पतीची ओळख, ठिकाण, ऋतू आणि अर्कातील घन द्रव्याचे प्रमाण नोंदवावे, जेणेकरून दुसऱ्याला प्रयोग पुन्हा करता येईल.
९. प्रयोग अयशस्वी झाल्यास तोही प्रसिद्ध करावा व नियतकालिकांनी तो स्वीकारावा.

समारोप

वनस्पतिजन्य संश्लेषण हा विषयच त्याज्य आहे, असा या विवेचनाचा आशय नाही. वनस्पतीतील रेणू धातूच्या कणाला आकार कसा देतात हा आजही चांगला प्रश्न आहे, आणि तो पुण्यात २००४ साली ज्या गांभीर्याने विचारला गेला त्या गांभीर्याने पुन्हा विचारता येईल. आक्षेप आहे तो पुराव्याच्या पुढे धावणाऱ्या शब्दांना. 'हरित' म्हणताना हिशेब, 'विघटन' म्हणताना उरलेल्या द्रव्यांची ओळख आणि 'उपयोजन' म्हणताना प्रत्यक्ष सांडपाणी, एवढी किमान अपेक्षा मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांकडून, परीक्षकांनी लेखकांकडून आणि संपादकांनी दोघांकडून ठेवली पाहिजे. त्याने निबंधांची संख्या काही काळ घटेल. पण जे उरतील त्यांचा उपयोग एखाद्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या अभियंत्याला होऊ शकेल. आज तो होत नाही.